तत्पर मंजुरी

वडील गेल्यावर त्यांचं काम इतकं सुधारलं, की मुख्यालयाने त्यांना सन्मानचिन्ह जाहीर केलं.

हयातीत असलं काही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. लष्कराच्या त्या डेपोत ते मंजुरी अधिकारी होते. सैन्याच्या गाड्या, क्रेन, घडीचे पूल यांच्या प्रत्येक सुट्या भागाची संगणकावर एक नोंद असते. त्याचा आकार काय, माप काय, पोलाद कुठलं, तो बसतो कुठे, असं सगळं. ही नोंद बरोबर आहे असं शेवटी कुणातरी एका माणसाला आपल्या नावाने म्हणावं लागतं. तो माणूस म्हणजे ते. आणि ते पटकन म्हणत नसत. नोंद अडकवून ठेवत, फोन करून उलटतपासणी घेत. "हे माप तुम्ही घेतलंत, की तुम्हाला कुणी सांगितलं?" एवढ्या एका प्रश्नाने त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला होता. ऑफिसात त्यांना 'कुलूप' म्हणत. अर्थात पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

त्यांची मुलगी त्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत, देखभालीच्या पुस्तिका लिहायची. कुठला बोल्ट आधी सोडवायचा, कुठे वंगण घालायचं, काय घट्ट आवळायचं आणि काय अजिबात आवळायचं नाही, हे जवानाला चिखलात उभ्याने वाचता येईल अशा भाषेत मांडणं हे तिचं काम. ती पुस्तिका लिहायची आणि टेबलाच्या खणात कायम एखादी कादंबरी ठेवायची, म्हणून तिचं नाव 'पुस्तकवाली' पडलं होतं. बापलेकीचं ऑफिसात फारसं बोलणं नसे. ती त्यांना शंका विचारायची तीसुद्धा नियमाप्रमाणे लेखी, आणि तेही तिची शंका इतरांइतकीच रखडवत.

नोंदींचं प्रमाणीकरण करायला हवं होतं, याबद्दल वडिलांचंही दुमत नव्हतं. वर्षानुवर्षं प्रत्येक कारखान्याने आपापले क्रमांक ठोकून दिले होते. एकच नट या कोठारात एका नावाने तर त्या कोठारात दुसऱ्याच नावाने पडून असायचा, आणि एकीकडे गंज चढत असताना दुसरीकडे त्याची तातडीची मागणी जायची. काही आराखडे तर अशा जुन्या संगणकप्रणालीत होते, की ते उघडू शकणारा माणूस निवृत्त होऊन नातवंडं खेळवत होता. हे सगळं एका साच्यात आणायचं काम चिकाटीचं होतं आणि वडील त्याला लायक होते.

मग टक्केसाहेब आले.

प्रमाणीकरण कक्षाचे प्रमुख म्हणून बदलून आलेले हे अधिकारी. त्यांचं खरं नाव दारावर पितळी अक्षरांत होतं, पण दर वाक्यात टक्केवारी असल्याखेरीज त्यांना बोलता येत नसे, म्हणून हे नाव. त्यांनी आल्या आल्या सभागृहाच्या विटांच्या भिंती पाडून काचेच्या केल्या. पारदर्शकता हवी, म्हणाले. आत एक भला मोठा पडदा लावला. पडद्यावर चौकोन. प्रत्येक चौकोन म्हणजे नोंदींचा एक गट. काम अपुरं असेल तर लाल, पुरं झालं की हिरवा. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: एक वस्तू, एक नोंद, एक सत्य. सोबत एक सल्लागार आणला. तो टोकदार बूट घालायचा आणि कुठल्याही घोळाला 'प्रवास' म्हणायचा. पूल ही वस्तू त्याने पडद्यावर सर्व बाजूंनी फिरवून पाहिली होती. प्रत्यक्षात एकदाही नाही.

तेव्हापासून त्या कक्षात सुटा भाग कुणी पाहीनासं झालं. सगळे चौकोन पाहू लागले. रिकाम्या रकान्यामुळे चौकोन लाल राहतो हे कळल्यावर रिकाम्या रकान्यात 'लागू नाही' भरायचं ठरलं. वजन: लागू नाही. पोलाद: लागू नाही. चाळीस टनांचा रणगाडा ज्यावरून जायचा त्या पुलाच्या तुळईला पोलाद लागू नव्हतं. चौकोन मात्र हिरवा.

लाल राहिले ते फक्त वडिलांच्या टेबलावरचे.

त्यातली एक नोंद पुलाच्या पिनची होती. घडीच्या पुलाचे तुकडे एकमेकांना जोडून धरणारी जाड लोखंडी पिन. तंतोतंत त्याच लांबीची, त्याच जाडीची आणखी एक पिन ट्रेलरच्या मागच्या फळीला असायची. फळी उघडू नये एवढंच तिचं काम. पुलाची पिन भट्टीत तापवून, तेलात बुडवून कणखर केलेली. फळीची साधी. संगणकाने दोन्ही आकार एकमेकांवर ठेवून पाहिले आणि जाहीर केलं की या दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत, एक करून टाका. टक्केसाहेबांना तर अशी एकत्रीकरणं फारच प्रिय. वडिलांनी नकार लिहिला: आकार सारखा, ताकद वेगळी, एकत्र करू नये. प्रस्ताव पुन्हा आला, पुन्हा तोच नकार. शेवटी शेवटी ते घरी जेवताना आईला सांगायचे, "आज परत तीच पिन आली होती." जणू एखादा चिवट विक्रेता.

एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता ते खुर्चीत मागे कलले आणि गेले.

शोकसभेत टक्केसाहेब म्हणाले, "त्यांची जागा भरून निघणार नाही." यात मात्र त्यांनी दिला शब्द पाळला. जागा रिकामी झाल्याचं कुठे दाखवलंच नाही, तर भरायची कशाला?

*

सन्मानाचं पत्रक फलकावर लागलं तेव्हा तिला वाटलं, गेलेल्या माणसाची कदर करतायत, उशिरा का होईना. सहकारी तिच्याकडे बघून गंभीर चेहरे करत होते. मग तिने पत्रक पुरतं वाचलं. 'तत्पर मंजुरी सन्मान. सरत्या तिमाहीत सर्वाधिक नोंदी सर्वांत कमी वेळात मंजूर केल्याबद्दल.' खाली वडिलांचं नाव आणि पदनाम.

ती तिमाही सुरू झाली तेव्हा वडिलांना पोचवून आल्याला बरेच दिवस लोटले होते.

ती जागेवर आली आणि पुलाच्या पुस्तिकेसाठी लागणारी पिनची नोंद उघडली. दोन पिनांचा एक क्रमांक झाला होता. पोलाद: लागू नाही. मंजुरी: वडिलांचं नाव. तारीख गेल्या महिन्याची.

तिने तारीख पुन्हा वाचली. मग उठून खिडकी लावली, खरं तर वारा नव्हता, आणि पुन्हा बसली. तिने इतर नोंदी उघडल्या. त्यांचं नाव, त्यांचं नाव, त्यांचं नाव. जन्मात ज्यांनी सकाळभरात एक नोंद धड सोडली नाही, ते आता चहा थंड व्हायच्या आत ढीगभर सोडत होते. मेल्यावर माणूस वळणावर आला होता.

मंजुरी देण्यासाठी ओळखपत्राचं कार्ड यंत्रात सरकवावं लागतं आणि एक गुप्त आकडा टाकावा लागतो. वडिलांचं कार्ड त्यांच्या खणात होतं. त्या खणाची किल्ली एकाच माणसाकडे होती.

त्यांना ती लहानपणापासून काका म्हणायची. वडिलांच्या हाताखाली त्यांची हयात गेली होती, तिच्या घरी ते शेकडो वेळा जेवले होते. ऑफिसात त्यांना 'होकाका' म्हणत, कारण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यांचं 'हो, हो' सुरू व्हायचं. ती त्यांच्या खोलीत गेली तेव्हा ते पेन्सिलीला टोक करत होते. त्या कक्षात पेन्सिलीचं काम उरलं नव्हतं, पण टोक करायला आवडायचं त्यांना.

"ये, बाळ, ये. आई कशी आहे?"

"बरी आहे. काका, बाबांचं कार्ड कोण वापरतं?"

टोकयंत्र थांबलं. "कार्ड? हो, हो... म्हणजे ते तांत्रिक आहे जरा."

"मी तांत्रिक पुस्तिका लिहिते, काका. सांगा."

"असं आहे, नवा मंजुरी अधिकारी नेमायचा तर फाइल वर जाते. वर म्हणजे कुठे, ते त्या वरच्यांनाही माहीत नसतं. तोवर सगळं ठप्प. साहेब म्हणाले, 'चालू ठेवा.' मी म्हटलं..."

"हो, हो."

"आता चेष्टा करू नकोस म्हाताऱ्याची." ते दुखावले. "मी काय माझ्या मनाने करतो? यादी येते, मी कार्ड सरकवतो. मी वाचतसुद्धा नाही त्यात काय आहे ते."

"वाचत नाही, ही तुमची बाजू आहे?"

"अगं, वाचलं तर जबाबदारी येते ना!" ते अगदी मनापासून म्हणाले. पुढे आवाज खाली आणून, "आणि गुप्त आकडा त्यांनीच सांगितला होता मला, विश्वासाने."

"कशासाठी सांगितला होता?"

होकाकांनी पेन्सिलीचं टोक बोटावर टेकवून पाहिलं. "रजेवर असताना नकार लिहायला," ते म्हणाले. "म्हणायचे, मी नसलो तर सगळं थांबवून ठेव."

तिला त्यांचा राग यायला हवा होता. पण राग यायलाही समोर काहीतरी टणक लागतं. इथे बोट ठेवावं तिथे दबत होतं. ती उठली तशी ते घाईने म्हणाले, "मला वाटलं, त्यांचं नावच होतंय ना मोठं! सन्मान मिळतोय!"

*

टक्केसाहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि दार आपण होऊन लोटलं. काचेचंच दार. आवाज तेवढा अडायचा.

"मॅडम, तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो. शंभर टक्के."

"पुलाची पिन आणि फळीची पिन एक झालीय, सर. ती माझ्या वडिलांनी मंजूर केली, असं नोंद सांगते."

"नोंद सांगते ना? मग झालं तर."

"ते तेव्हा हयात नव्हते. तुम्ही खांदा द्यायला आला होतात."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाजात जिव्हाळा आणला. "हे बघा. माणूस जातो, पद जात नाही. मंजुरी ही पदाची असते. तुमचे वडील हे एका अर्थाने आमच्या यंत्रणेत अजून आहेत."

"दुसऱ्या एका यंत्रणेत ते नाहीत, सर. पेन्शनच्या विभागात आईने दाखला दिला, त्यांनी लगेच मृत म्हणून नोंद केली. एक वस्तू, एक नोंद, एक सत्य असं बाहेर लिहिलंय म्हणून विचारते."

"ती वेगळी प्रणाली आहे. त्यांच्याशी जोडणी पुढच्या टप्प्यात."

"पिन कमी ताकदीची लागली तर पूल माणसांसकट खाली जाईल."

"जर-तर!" साहेबांनी हात झटकला. "आणि समजा, उद्या काही झालंच, तर चौकशी होईल. चौकशीत नोंद बघतात. नोंदीत मंजुरी बघतात. कुणा जिवंत माणसाला त्रास व्हायचं कारण नाही." बोलून गेल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. "प्या ना."

तिने पाणी घेतलं नाही. आतापर्यंत तिला हा निव्वळ आळस वाटत होता. आळशी माणसं तिने खूप पाहिली होती आणि त्यांच्याबद्दल तिला एक प्रकारची सहनशीलताही होती. पण ही सोय होती. पूल कोसळला तर उत्तर तयार होतं. पुलाखाली कोण सापडलं ते ठरायचं बाकी होतं. दोषी मात्र ठरून गेला होता. तिचा बाप. आयुष्यभर ज्याने नाही म्हटलं त्याच्या नावावर यांनी हो लिहून ठेवलं होतं, आणि तो उलटून विचारायला येणार नव्हता: हे माप तुम्ही घेतलंत, की तुम्हाला कुणी सांगितलं?

"निर्णय तुमचा होता तर तुमची मंजुरी का नाही, सर?"

"माझ्या पदाला तो अधिकार नाही," टक्केसाहेब म्हणाले. एवढ्या संभाषणात त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकच वाक्य तिला पूर्ण खरं वाटलं. "बाकी शुक्रवारी मुख्यालयाची मंडळी येतायत. आईंना अवश्य आणा. हृद्य होईल अगदी."

*

कुठल्याही नोंदीत चूक दिसली तर दुरुस्तीची विनंती करण्याचा अधिकार डेपोतल्या प्रत्येकाला होता. माणसांच्याही नोंदी त्यात आल्या. तिने वडिलांची नोंद उघडली. स्थिती: कार्यरत. तिने 'बदल' दाबलं. कारणांची यादी खाली उघडली: बदली, बढती, निवृत्ती, राजीनामा, दीर्घ रजा. सैन्याची प्रणाली होती, आणि तिच्यात मरायची सोय नव्हती.

तिने मदत कक्षाला फोन लावला.

"मृत्यू असा पर्याय नाहीये, मॅडम," पलीकडचा तरुण गोड आवाजात म्हणाला. "तुम्ही दीर्घ रजा टाका ना."

"त्यात परत येण्याची तारीख मागतेय."

"हो, ती भरावीच लागते."

"काय भरू?"

"अंदाजे काहीतरी टाका." मग बहुधा त्यालाच काहीतरी उमगलं. "सॉरी, मॅडम. मग निवृत्ती घ्या."

"निवृत्ती आजपासूनची घेतेय. मला मागची तारीख हवी."

"मागची तारीख हवी तर 'कार्यकाळ दुरुस्ती' म्हणून दुसरा मार्ग आहे. त्यात एक आहे, तारीख मागे गेली की त्यानंतरच्या सगळ्या मंजुऱ्या आपोआप रद्द होतात. सल्लागार सरांनी खास बसवलंय ते, फसवणूक होऊ नये म्हणून."

"मला तेच हवंय."

"पण त्याला संबंधित व्यक्तीची संमती लागते. त्यांच्या मोबाइलवर एक आकडा येईल, तो टाकला की झालं."

वडिलांचा मोबाइल घरी होता. आई तो रोज चार्ज करून ठेवायची. का, ते तिने कधी विचारलं नव्हतं. काही गोष्टी न विचारण्याइतकी त्यांच्या घरात समज होती. डेपोत कुणालाच मोबाइल आत आणता येत नसे, फाटकावर जमा करावा लागे. तिने टेबलावरच्या फोनवरून घरी लावला.

"आई, बाबांच्या मोबाइलवर आत्ता एक मेसेज येईल. त्यातला आकडा मला वाचून दाखव."

"मंजुरीचा ना?" आई म्हणाली. "तो येतोच की रोज."

"कसला रोज?"

"'आपली मंजुरी नोंदली गेली आहे. धन्यवाद.' ढीग येतात. तुला माहीत नाही? तुमच्याच ऑफिसचे आहेत."

पडद्यावर आकड्यासाठी चौकट उघडली होती आणि तिच्याखालची पट्टी हळूहळू आखडत होती.

"आई, हा वेगळा आहे. लवकर सांग."

"हा कसला आहे मग?"

"बाबांची नोंद बंद करायचा."

तिकडून काही आलं नाही. फोन ठेवल्याचा आवाजही नाही, आकडाही नाही. पट्टी आखडत संपली. 'वेळ संपली आहे. पुन्हा प्रयत्न करा.'

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा आई ओट्याशी होती. मोबाइल समोर, भिंतीला टेकवून उभा ठेवलेला, एखाद्याला खुर्ची देऊन बसवावं तसा.

"चिडलीस?" आईने मान न वळवता विचारलं.

"नाही."

"पहिला आला तेव्हा मी दचकले. मग वाटलं, यंत्र आहे, चालू राहिलं असेल. दहाच्या सुमाराला सुरू व्हायचे. मी म्हणायचे, पोचले वाटतं. वेडेपणा आहे, कळतं मला. तू तुझ्या पुस्तकात डोकं घालून बसतेस ना, तसं माझं हे."

मुलीने तिला पिनची सगळी हकिकत सांगितली. होकाका, टक्केसाहेब, चौकशीत कोण दोषी ठरणार ते. सांगताना तिने एकही जड शब्द वापरला नाही. पुस्तिका लिहावी तसं सांगितलं. आधी काय, मग काय, त्याने काय होईल.

आईने गॅस बंद केला. "म्हणजे ते आमचे भावोजी? कार्ड सरकवणारे?"

"हो."

"मला कळायला हवं होतं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा यायचे मेसेज. ह्यांनी जन्मात जेवणाच्या सुट्टीत सही केली नाही. जेवताना माझा फोनसुद्धा घ्यायचे नाहीत." तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. "खरं सांगू? कळत होतं. हे ह्यांचं काम नाही, एवढं भराभर हे हो म्हणणारच नाहीत, हे कळत होतं. तरी वाचत होते." मग पदराला हात पुसून म्हणाली, "ह्या मेल्यांनी माझ्याकडून कुणाचे मेसेज वाचून घेतले! शुक्रवारी येते मी."

*

शुक्रवारी आई आली, पण फाटकाच्या आत गेली नाही. मोबाइल जमा करायला तिने साफ नकार दिला. पहारेकऱ्याने नियम सांगितला. ती म्हणाली, "नियम बरोबर आहे तुमचा, मी बाहेरच बसते." आणि फाटकाशेजारच्या भेटीच्या खोलीत जाऊन बसली. तिथे एक अंतर्गत फोन होता. होकाका तिला न्यायला धावत आले.

"वहिनी, चला ना! सगळे खोळंबलेत."

"तुम्ही व्हा पुढे, भावोजी. तुम्हाला सवय आहे त्यांच्या जागी उभं राहायची."

होकाका 'हो, हो' म्हणत गेले आणि अर्ध्या वाटेवर त्यांचा चेहरा उतरला.

सभागृहाच्या काचेपलीकडे, वडिलांच्या जुन्या टेबलाशी, संगणकासमोर मुलगी बसली होती. तिला आतलं सगळं दिसत होतं. मुख्यालयाचे मोठे अधिकारी पहिल्या रांगेत. टेबलावर सन्मानचिन्ह, काचेचंच. मागे पडदा, वरपासून खालपर्यंत हिरवागार. टक्केसाहेब हात पसरून काहीतरी सांगत होते, पडद्याकडे पाठ करून.

तिने 'कार्यकाळ दुरुस्ती' उघडली. सेवेचा शेवटचा दिवस म्हणून खरी तारीख टाकली. चौकट उघडली. तिने भेटीच्या खोलीत फोन लावला.

"आला गं," आई म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. तिने एकेक आकडा वाचला, मध्ये थांबून, शाळेत शुद्धलेखन घालावं तसा. शेवटच्या आकड्यापाशी मात्र ती अडली.

"आई?"

"हे केलं की येणार नाहीत ना मेसेज?"

"नाही येणार."

"सात," आई म्हणाली.

मुलीने सात दाबला.

लगेच काही झालं नाही. टक्केसाहेब बोलतच होते. मग पडद्याच्या कोपऱ्यातला एक चौकोन लाल झाला. त्याच्या शेजारचा झाला. पाहता पाहता उभ्या रांगाच्या रांगा लाल होत गेल्या. पहिल्या रांगेतल्या मोठ्या अधिकाऱ्याने बोट दाखवून काहीतरी विचारलं. सल्लागार उठून त्यांना समजावू लागला. पुढे कुणीतरी बाहेर येऊन सांगितलं, की लाल म्हणजे सुधारणेची संधी असं तो म्हणत होता. टक्केसाहेब वळले. त्यांनी पडदा पाहिला आणि मग काचेतून नेमकं तिच्याकडे पाहिलं. आवाज येत नव्हता. नुसते ओठ हलत होते. भिंती काचेच्या करून घेतल्याचा एवढा पश्चात्ताप त्यांना पूर्वी कधी झाला नसावा.

ती उठून दार ढकलून आत गेली. कुणी अडवलं नाही.

"माझे वडील सरत्या तिमाहीच्या आधीच वारले," ती मोठ्या अधिकाऱ्यांना म्हणाली. "त्यांच्या नोंदीत ही तारीख नव्हती, ती मी घातली. त्यानंतरच्या मंजुऱ्या त्यांच्या नाहीत. कुणाच्या आहेत ते या खोलीत विचारावं. आणि पुलाच्या पिना आज कोठारातून बाहेर जाऊ देऊ नयेत, दोन ताकदीच्या एकत्र झाल्यात. एवढंच."

मोठे अधिकारी वळून म्हणाले, "कुणाच्या आहेत?"

खोलीत टक्केसाहेब होते, सल्लागार होता, होकाका होते, पाचपन्नास कर्मचारी होते. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. होकाकांच्या ओठांवर सवयीने 'हो' आला होता, तो त्यांनी गिळला. एवढ्या सगळ्यांत एकालाही तोंड उघडवेना.

"पिना थांबवा," अधिकारी शेवटी म्हणाले. एकजण कोठाराकडे फोन करायला धावला. मुलगी बाहेर पडली.

भेटीच्या खोलीत आई मोबाइल पिशवीत ठेवत होती. दोघी फाटकाबाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेने बसथांब्याकडे चालू लागल्या.

"मग आता त्या पिनचं काय?" आईने विचारलं.

"बाबांचा नकार होता तो परत लागू झाला. दुसरं कुणी आपल्या नावाने हो म्हणेपर्यंत तोच राहणार."

आई थबकली. तिने मागे वळून त्या चकचकीत इमारतीकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"आपल्या नावाने?"

"हो."

"मग काळजी नाही," आई म्हणाली आणि चालू लागली.